'नाही' म्हणायला शिकवणारं गाव

मुलांनो, तुमच्या घरी कुणी बारशाचं नाहीतर मुंजीचं आमंत्रण घेऊन आलं आणि त्या दिवशी जाणं मुळीच जमणार नसलं, तर तुमची आई काय म्हणते? "अहो, येणार म्हणजे काय! आम्ही नाही तर कोण येणार?" असंच ना? मग पाहुणे जिना उतरून गेले, की ती बाबांकडे वळून म्हणते, "त्या दिवशी कसं जमायचं हो आपलं?"

गंमत म्हणजे पाहुण्यांनाही हे ठाऊक असतं. तेही आपल्या घरी असंच बोलतात. त्यामुळे कुणी रागावत नाही, कुणी फसत नाही. 'नक्की येतो', 'बघू', 'प्रयत्न करतो' या तिन्ही शब्दांचे खरे अर्थ आपल्याला लहानपणापासून आवाजावरून कळतात.

पण समजा, तुम्ही अशा गावी गेलात, जिथे आवाजावरून काहीच कळत नाही आणि 'हो' म्हणजे फक्त 'हो'च असतं, तर?

मी अशा एका गावी चार महिने राहून आले. त्या गावाचं नाव फ्रायबुर्ग.

जर्मनीच्या नकाशात खाली, डाव्या कोपऱ्यात बोट ठेवा. तिथून फ्रान्स हाकेच्या अंतरावर आणि स्वित्झर्लंडही जवळच. गावाच्या पाठीशी श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळं जंगल, उभं आहे. उंच सूचिपर्णी झाडं इतकी दाट, की लांबून डोंगर खरोखरच काळे दिसतात. गावात १४५७ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे. त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे पाठीला दप्तर लावून सायकलवरून जाणारी मुलंमुली!

या गावाची सगळ्यात मजेदार गोष्ट म्हणजे तिथल्या रस्त्यांच्या कडेने वाहणारे पाण्याचे पाट. त्यांना 'बेश्ले' म्हणतात. आपल्या कोकणातल्या वाडीत पाटाचं पाणी खेळवतात ना, तसेच हे दगडी पाट गावातून मध्ययुगापासून वाहत आले आहेत. पाणी येतं ड्रायझाम नदीचं. उन्हाळ्यात लहान मुलं त्यात दोरी बांधलेल्या लाकडी होड्या सोडतात. आणि चुकून कुणा परक्याचा पाय बेश्लेत पडला, तर त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं म्हणे! माझा पाय दोनदा पडला. पण तिथे पडला तो फक्त मोजा ओला झाला. खरी पंचाईत झाली ती जिभेने.

जर्मन मी पुण्यात शिकले होते, मॅक्सम्युलर भवनात. बाकी जगात या संस्थेला गोएथे इन्स्टिट्यूट म्हणतात. भारतात मात्र तिला ऋग्वेद छापून जगापुढे ठेवणाऱ्या जर्मन पंडिताचं, माक्स म्युलर यांचं नाव आहे. पुढचा अभ्यास करायला म्हणून मी २०१९ च्या ऑक्टोबरात फ्रायबुर्गला गेले. व्याकरण पाठ होतं, परीक्षेत गुणही चांगले होते. मला वाटलं, आता काय अडणार आपलं?

नदीच्या पलीकडे वीरे नावाचा जुना भाग आहे. तिथल्या एका तीनमजली घरात माळ्यावरची खोली मला मिळाली. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, आणि रोज सकाळी स्वतः जिना झाडायच्या! मनातल्या मनात मी त्यांना 'आजी' म्हणायचे. तोंडाने मात्र 'फ्राऊ' आणि पुढे आडनाव. जर्मनमध्येही आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, 'डू' आणि 'झी'. आईबाबांना, मित्रांना आणि देवाला 'डू'. परक्यांना आणि वडीलधाऱ्यांना 'झी'. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे शिकताना घाम फुटतो. मराठी मुलांना मात्र ते आयतंच येतं.

दुसऱ्याच रविवारी आजींनी मला दुपारी तीन वाजता कॉफीला बोलावलं. जर्मनीत दुपारच्या या खाण्याला 'काफे उंड कूखन' म्हणतात, कॉफी आणि केक. टेबलावर घरी केलेला आलुबुखाराचा केक! सकाळपासून मी एका पावावर होते. पोटात नुसते कावळे नव्हे, कावळ्यांची शाळा भरली होती.

आजींनी केकचा तुकडा उचलून विचारलं, "केक देऊ?"

मी लाजून, हसून म्हणाले, "डांके." डांके म्हणजे धन्यवाद. आजींनी मान डोलावली आणि तुकडा स्वतःच्या बशीत ठेवला!

मला वाटलं, आता पुन्हा विचारतील. आपल्याकडे पंगतीत कसं असतं? पहिलं 'नको' हे नुसतं बोलायचं असतं. वाढणारा म्हणतो, "अहो घ्या हो, एक जिलबी काही जड नाही." मग दुसरं 'नको'. मग ताटावर आडवा हात, आणि तरी बोटांमधून जिलबी पानात! आजींनी मात्र पुन्हा विचारलं नाही. मी तासभर नुसती कॉफी पीत केकचं कौतुक केलं आणि वर जाऊन बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं, तेव्हा आमच्या बाई हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, "अगं, कुणी काही देऊ केलं आणि तू नुसतं 'डांके' म्हणालीस, तर त्याचा अर्थ 'नको, आभारी आहे' असा होतो! हवं असेल तर 'या, गेर्न' म्हणायचं. हो, आनंदाने." आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. तीही ऐका, कधीतरी कामाला येईल. पोट भरलं, की आपण म्हणतो, 'फुल्ल झालो.' ते जसंच्या तसं जर्मनमध्ये नेऊन 'इश बिन फोल' म्हणालात, तर लोक समजतात, की ही दारू पिऊन झिंगली आहे! पोट भरल्यावर म्हणायचं, 'इश बिन सात.' हा सात आकड्यातला नव्हे. याचा अर्थ तृप्त.

आमच्या वर्गात बारा मुलं होती आणि देश नऊ. बाईंनी त्या आठवड्यात धडाच घेतला, 'आइनलाडुंग', म्हणजे आमंत्रण. होकाराला जर्मनमध्ये शब्द आहे 'त्सूझागं' आणि नकाराला 'आपझागं'. दोन्ही शब्दांत 'झागन', म्हणजे 'सांगणे', दडलेलं आहे. म्हणजे यायचं असो की नसो, सांगायचं हे आलंच. लग्नाच्या किंवा मोठ्या समारंभाच्या पत्रिकेवर खाली कोपऱ्यात चारपाच अक्षरं छापलेली असतात. त्यांचा अर्थ 'उत्तराची विनंती आहे'. आपल्या पत्रिकेवर 'अगत्य येण्याचे करावे' असतं, येणार की नाही ते कळवा असं क्वचितच असतं. चार पानं जास्त झाली काय, कमी झाली काय, आपण सांभाळून घेतो. जर्मन यजमान पाटावरची नावं मोजून ताटं मांडतो.

बाईंनी फळ्यावर चार पायऱ्यांचा जिना काढला. पहिली पायरी, आभार: 'फीलन डांक फ्यूर दी आइनलाडुंग.' आमंत्रणाबद्दल खूप आभार. दुसरी पायरी, नकार: 'लायडर कान इश निश्ट कोमन.' दुर्दैवाने मला येता येणार नाही. यातला 'लायडर' हा शब्द फार मोलाचा. 'लाइड' म्हणजे दुःख, त्यातूनच तो आला आहे. नकाराच्या आधी तो ठेवला, की नकाराची धार जाते. तिसरी पायरी, कारण. आणि चौथी, पुढचा वायदा: 'आइन आन्डरमाल गेर्न.' पुन्हा कधीतरी नक्की, आनंदाने.

"पण कारण खोटं असलं तर?" ब्राझीलच्या मुलाने विचारलं.

"खोटं कशाला? 'इश हाबे शोन एटवास फोर' म्हण. माझं आधीच काहीतरी ठरलं आहे. एवढं पुरे. काय ठरलंय, ते कुणी विचारत नाही."

मला आठवलं, न जाण्यासाठी आपल्याकडे किती पाहुणे अचानक येतात आणि किती आत्या एकाएकी आजारी पडतात!

माझ्या शेजारी एक जपानी मुलगी बसायची. तिला बाईंनी विचारलं, "शनिवारी माझ्याकडे जेवायला येतेस?" ती खाली बघत म्हणाली, "शनिवार... जरा..." आणि थांबली. आम्ही सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो. पुढे शब्दच नव्हता! जपानीत एवढ्यानेच नकार पुरा होतो म्हणे. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मला ती एकदम जवळची वाटली. तिचं 'जरा' आणि आपलं 'बघू' ही सख्खी भावंडंच की!

व्याकरणात मात्र मी सगळ्यांच्या पुढे होते. त्याचं श्रेय मराठीला. 'मी उद्या येत नाही' या वाक्यात 'नाही' शेवटी येतं ना? जर्मनमध्येही तसंच. 'इश कोमं मोर्गन निश्ट.' हा 'निश्ट' म्हणजे आपलं 'नाही', तो अगदी शेवटी. ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत धीर धरावा लागतो. आणि 'वाइल', म्हणजे 'कारण', हा शब्द आला, की क्रियापद उडी मारून शेवटी जाऊन बसतं. 'वाइल इश आइनं प्र्युफुंग हाबं.' शब्दाला शब्द लावून बघा: 'कारण मला एक परीक्षा आहे.' अगदी मराठीच्या चालीवर! सगळा वर्ग इथे चुकायचा. मी चुकत नव्हते.

वहीत सगळं बरोबर होतं. पण वही मिटून जिना चढताना काय होतं, ते आता सांगते.

नोव्हेंबर लागला. फ्रायबुर्गमध्ये साडेचारपाचलाच अंधार पडायला लागला. एका रविवारी आजी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "बुधवारी संध्याकाळी वेळ आहे का तुम्हाला? हाल्प झीबनला माझ्याकडे जेवा. मग आपण दोघी म्युन्स्टरला जाऊ, घंटा ऐकायला."

'हाल्प झीबन' म्हणजे शब्दशः 'अर्धे सात'. पण ते साडेसात नव्हेत हं! सातव्या तासातला अर्धा झाला, म्हणजे साडेसहा. म्युन्स्टर म्हणजे तिथलं जुनं मोठं चर्च. त्याचा लाल दगडाचा मनोरा ११६ मीटर उंच आहे. गावात कुठेही वाट चुकलात, तरी मान वर करून मनोरा शोधायचा, की वाट सापडते.

गुरुवारी सकाळी आमची मोठी चाचणी होती. बुधवारी रात्री नऊपर्यंत वाचनालयात बसायचं आम्ही मैत्रिणींनी ठरवलं होतं. म्हणजे जाणं शक्यच नव्हतं. चारही पायऱ्या मला पाठ होत्या. पण समोर आजी उभ्या! चौऱ्याऐंशी वर्षांच्या, हातात केरसुणी, चेहरा हसरा. आजीला तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? जीभच वळेना. मी म्हणाले, "या... फिलाइश्ट. इश फेअरझूखं त्सू कोमन. माल झेएन!" म्हणजे, 'हो... कदाचित. यायचा प्रयत्न करते. बघू!'

आणि माझ्या खोलीत जाऊन मी निवांत झाले. माझ्या हिशेबी मी नम्रपणे नकार देऊन आले होते.

बुधवारी, २७ नोव्हेंबरला, साडेनऊच्या सुमारास मी घरी परतले. खालच्या मजल्याचं दार उघडं होतं आणि आत दिवा होता. टेबलावर पांढरी चादर, दोन ताटं, दोन पेले, विझून गेलेली मेणबत्ती. मध्ये एक झाकलेलं भांडं. त्यात 'केझे श्पेत्सले' होते, घरी केलेल्या शेवयांसारखा चीज घातलेला पदार्थ. मी मांस खात नाही, हे आजींनी लक्षात ठेवलं होतं.

आजी खिडकीशी बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "झी हाबन डोख या गेझाग्ट." तुम्ही तर 'हो' म्हणाला होतात.

"घंटा?" मी विचारलं.

"खिडकीतून ऐकली. तुम्ही याल म्हणून थांबले."

मी 'माफ करा' म्हणाले आणि वर गेले. घंटा म्हणजे काय, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. आमच्या घरमालकांना विचारलं, तेव्हा कळलं.

जर्मनीनेच सुरू केलेल्या दुसऱ्या महायुद्धात, १९४४ सालच्या २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी फ्रायबुर्गवर बाँब टाकले. अर्ध्या तासाच्या आत जुनं गाव जमीनदोस्त झालं. सुमारे २८०० माणसं मेली. म्युन्स्टरच्या भोवतालच्या गल्ल्याच्या गल्ल्या नाहीशा झाल्या. मनोरा मात्र उभा राहिला. त्या मनोऱ्यात 'होझान्ना' नावाची १२५८ साली ओतलेली घंटा आहे. दर वर्षी २७ नोव्हेंबरला ती त्या माणसांच्या आठवणीसाठी वाजते. २०१९ साली त्या रात्रीला बरोब्बर ७५ वर्षं झाली होती.

आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचं घर म्युन्स्टरच्या मागच्या गल्लीत होतं. दर वर्षी त्या चौकात जाऊन घंटा ऐकायच्या. त्या वर्षी गेल्या नाहीत, कारण मी 'बघू' म्हणाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चाचणी कशी झाली, ते विचारू नका. पेपर टाकून मी बाजार उठायच्या आत म्युन्स्टरच्या चौकात पोचले. रविवार सोडून तिथे रोज सकाळी भाजीफुलांचा बाजार भरतो. ढीगभर पांढरी शेवंती दिसली. आपली शेवंती! मी लगेच उचलली. फुलवालीने विचारलं, "थडग्यावर ठेवायला का?" जर्मनीत शेवंती स्मशानात नेतात म्हणे! मी ती झटकन खाली ठेवली आणि पिवळे गुलाब घेतले.

आजींनी दार उघडलं. मी रात्रभर मनात जुळवलेलं बोलून टाकलं, "एस टूट मिअर झेअर लाइड." मला फार वाईट वाटतंय. "मला माहीत नव्हतं, काल कुठला दिवस होता ते."

आजींनी फुलं पाण्यात ठेवली. मग म्हणाल्या, "ते तुम्हाला माहीत नव्हतं, त्यात तुमचा काही दोष नाही. पण आपण येणार नाही, हे तर तुम्हाला माहीत होतं ना?"

यावर काय बोलणार? हो, ते मला रविवारीच माहीत होतं. मी आजींचं मन मोडू नये म्हणून 'नाही' म्हणाले नव्हते, असं मला वाटत होतं. खरं तर तो अवघड क्षण मी स्वतःसाठीच टाळला होता, आणि तो आजींच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. मी जिन्यातच 'लायडर' म्हणाले असते, तर आजींना एक मिनिट वाईट वाटलं असतं. मग त्या एकट्या जेवून चौकात गेल्या असत्या.

मी त्यांना आपल्याकडची रीत समजावून सांगितली. 'बघू' म्हटलं, की आमच्याकडे कसं सगळ्यांना कळतं, ते सांगितलं. आजींना गंमत वाटली. "मग कोण येणार आणि कोण नाही, ते कसं ओळखता?"

"कळतं!" मी म्हणाले.

"मला नाही कळत. मी म्हातारी जर्मन बाई आहे. मला शब्दच लागतात."

आणि मग त्यांनी माझी शिकवणी सुरू केली! अशी शिकवणी तुम्ही कुठे पाहिली नसेल. रोज सकाळी मी जिना उतरायला लागले, की आजी केरसुणी थांबवून मला कसलं तरी आमंत्रण द्यायच्या. मी पायऱ्या उतरेपर्यंत ते नाकारायचं. "आज चंद्रावर येता का?" "आमंत्रणाबद्दल खूप आभार. लायडर मला येता येणार नाही, कारण आज माझा वर्ग आहे." "राजाकडे जेवायला येता का?" "लायडर नाही, कारण माझ्याकडे मुकुट नाही." क्रियापद शेवटी गेलं नाही, तर आजी केरसुणीच्या दांड्याने जमिनीवर ठक् करायच्या. तोंडावर हसू यायचं, पण 'नाही' म्हणायची भीती दर पायरीगणिक कमी व्हायची.

डिसेंबरात खरी परीक्षा आली. वर्गातल्या ब्राझीलच्या मुलाने शनिवारी सगळ्यांना शाउइन्सलांडला नेण्याचा बेत केला. 'शाउ इन्स लांड' म्हणजे 'देशाकडे बघ'. फ्रायबुर्गजवळचा हा डोंगर १२८४ मीटर उंच आहे आणि १९३० पासून त्यावर पाळण्यात बसून जाता येतं. त्या शनिवारी मला निबंध पुरा करायचा होता. मी चिठ्ठी लिहिली. तो मित्र, म्हणून 'झी' नव्हे, 'डू' वापरून: 'बोलावलंस, खूप आभार. लायडर मला शनिवारी जमणार नाही, कारण निबंध लिहायचा आहे. पुन्हा कधीतरी नक्की! तुम्ही खूप मजा करा.'

त्याचं उत्तर एका शब्दाचं आलं, "शाडं!" म्हणजे 'अरेरे!' आणि खाली, 'मग जानेवारीत जाऊ.' बस्स! ना राग, ना रुसवा. जानेवारीत आम्ही खरंच गेलो. वर गुडघाभर बर्फ होता. एका बाजूला र्‍हाइन नदीचं मैदान, त्यापलीकडे फ्रान्सचे डोंगर, आणि दूर दक्षिणेला चांदीच्या करवतीसारखी आल्प्सची रांग दिसत होती. ते बघताना मला वाटलं, मी शनिवारी 'बघू' म्हणाले असते, तर जानेवारीचं हे आमंत्रण मिळालं असतं का?

नाताळच्या आदल्या दिवशीचं आमंत्रण आजींनी दिलं, तेव्हा जपानी मैत्रिणीने मला आधीच बोलावलं होतं. मी जिन्यातच उभी राहून, त्यांच्याकडे बघून म्हणाले, "फीलन डांक. लायडर कान इश निश्ट कोमन. इश हाबे शोन एटवास फोर." आजींचा चेहरा क्षणभर उतरला. मी तो बघितला. पळून गेले नाही. मग त्या म्हणाल्या, "शाडं. पण सांगितलंत, ते बरं केलंत." आणि आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या. "सव्वीस तारखेला?" तिथे २६ डिसेंबरलाही सुट्टी असते.

"या, गेर्न!" मी म्हणाले. आणि बरोबर तीनच्या ठोक्याला गेले. केकचे दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्याला म्हणाले, "डांके, इश बिन सात."

जानेवारीअखेर मी निघाले. आजी दारापर्यंत आल्या. आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. जर्मन निरोपही तसाच आहे. 'आउफ वीडरझेएन' म्हणजे 'पुन्हा भेटेपर्यंत'. आजींनी विचारलं, "सत्तावीस नोव्हेंबरला याल?" त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं, "लायडर नाही. कारण मी तेव्हा पुण्यात असेन." क्रियापद शेवटी गेलं होतं. आजींनी केरसुणी आपटली नाही.

त्या वर्षी पुढे करोना आला. २०२० च्या २७ नोव्हेंबरला आजींनाही गर्दीत जाता येणार नव्हतं. मी रात्री जागून त्यांना फोन लावला. त्यांनी खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला. दूरवरून, जड आवाजात, घंटा ऐकू येत होती. ती थांबेपर्यंत आम्ही दोघीही काही बोललो नाही.

पाठ करून ठेवा:

आमंत्रणाबद्दल खूप आभार: फीलन डांक फ्यूर दी आइनलाडुंग.
मला येता येणार नाही, वाईट वाटतं: लायडर कान इश निश्ट कोमन.
माझं आधीच काही ठरलं आहे: इश हाबे शोन एटवास फोर.
पुन्हा कधीतरी, आनंदाने: आइन आन्डरमाल गेर्न.
आणि केक हवा असेल तर: या, गेर्न!